कुबल सरांनी घातलेले वाटे

कुबल सर शिकवायला लागले की माझ्या वाचनालयातले वाचक पुस्तकं मिटून ठेवायचे. दुसरा इलाजच नव्हता. मालवणातल्या आमच्या कॉलेजात संगणकाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा त्याला जागा मिळाली ती वाचनालयाची मासिकांची खोली, आणि मधे भिंत म्हणून उभी राहिली ती प्लायवूडची फळी. फळीच्या एका बाजूला मी, ग्रंथपाल, ‘शांतता राखा’ अशी पाटी डोक्यावर घेऊन बसलेली. दुसऱ्या बाजूला वासुदेव कुबल. वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, आई बाजारात मासे विकणारी, घर किनाऱ्याला लागून. वाऱ्यावर ओरडून बोलणाऱ्या माणसांत वाढलेल्या त्या आवाजाला प्लायवूड काय थोपवणार!

मी कराडची. घाटावरून आलेल्या माणसाला कोकणात पहिली काही वर्षं सगळंच जरा जास्त वाटतं, घाम, नारळ, बोलणं. मी पहिल्याच आठवड्यात फळी वाजवून म्हणाले, “कुबल सर, जरा हळू!” पलीकडून तितक्याच मोठ्यानं उत्तर आलं, “व्हय मॅडम, हळूच बोलतंय!” पुढे पाच-सहा वर्षं आमचं हे असंच चाललं. त्यांच्या कृपेनं मला संगणकातलं न विचारता बरंच कळायला लागलं आणि वाचनालयात बसणाऱ्या म्हाताऱ्या वर्गणीदारांनाही.

दिसायला ते उंच, सावळे, अंगानं सडसडीत. केस दाट आणि त्यांचा त्यांना भारी अभिमान. खिशात कंगवा कायम, आणि कंगव्याशेजारी खोडरबर. हे खोडरबर त्यांच्या धंद्याचं हत्यार. मालवणच्या खाऱ्या हवेत संगणकाच्या आतल्या मेमरीच्या पट्टीवर काळपट थर चढतो आणि मशीन सुरूच होत नाही. दर सोमवारी सकाळी कुबल सर एकेक मशीन उघडून पट्ट्या बाहेर काढायचे आणि शाळेतल्या मुलानं चुकलेलं गणित पुसावं तशा पुसत बसायचे. मशीन बंद पडलं असं ते कधी म्हणाले नाहीत. “रुसला हा,” म्हणायचे. पुसून झाल्यावर ते सुरू झालं की त्याच्या डोक्यावर थाप मारून पुढच्याकडे वळायचे. खोडरबर मात्र कधी विकत आणत नसत. माझ्या टेबलावरून उचलायचे.

आपल्या हुशारीबद्दल त्यांना कधी शंका आल्याचं मला आठवत नाही. एकदा ऑफिसचा प्रिंटर बंद पडला. कुबल सरांनी तो खोलला, सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले, ‘गेला हा’ असा निकाल दिला. शिपाई गावडे केर काढायला आला आणि त्याच्या झाडूला प्रिंटरची वायर लागली, प्लगातून सुटून पडलेली. बिघाड एवढाच होता. दुसरा कुणी असता तर त्यानं ही गोष्ट दाबली असती. कुबल सरांनी ती स्टाफरूममध्ये सांगितली, कँटीनमध्ये सांगितली, मासळी बाजारात आईला सांगितली आणि वर्गात तर दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचे. सांगताना स्वतःच इतके हसायचे की ऐकणाऱ्याला हसायला फट मिळत नसे. स्वतःच्या फजितीचं असं कौतुक असणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचा वर्ग म्हणजे बहुतेक किनाऱ्यावरच्या घरांतली मुलं, आणि त्यात मुली जास्त. मुलगे बारावी झाली की मुंबईला नाहीतर गोव्याला पसार. मुलींना घरचे सांगायचे, मालवणात काय ते शिका. ह्या मुली पहाटे आईबरोबर होड्या लागतात तिथे जायच्या, टोपल्या बाजारात पोचवायच्या आणि मग कॉलेजात यायच्या. कुबल सरांनी प्रॅक्टिकलचं वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून लावलं होतं. प्राचार्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “कुबल, विद्यापीठाला काय सांगू?” कुबल म्हणाले, “सांगा, हजेरी पूर्ण आहे.” आणि ती खरोखरच पूर्ण असायची.

एकदा बाहेरगावचे एक व्याख्याते आले होते. मुली थेट बाजारातून आलेल्या. ह्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला आणि उठून खिडक्या धाडधाड उघडल्या. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात ओढणीखाली घेतले. कुबल सर मागे उभे होते, मीही तिथेच होते. ते पुढे आले आणि सगळ्या खिडक्या एकेक करून बंद केल्या. “माफ करा सर, खारं वारं आत येतं. मशिनी कुजतात,” एवढंच म्हणाले आणि परत मागे जाऊन उभे राहिले. त्यांना हळू आवाजात बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला त्या क्षणी ते फार आवडले, आणि तेव्हापासून मी फळी वाजवणं जरा कमी केलं.

आता त्या सर्व्हरची गोष्ट. दोन हजार आठ-नऊचे ते दिवस. विद्यापीठाची समिती आमचा अभ्यासक्रम तपासून गेली होती आणि तिनं एक शेरा मारला होता: विद्यार्थी पाहतात, करत नाहीत. खोटं नव्हतं. अभ्यासक्रमात लिहिलेलं होतं की प्रत्येकानं स्वतः सर्व्हर उभा करून चालवायला शिकावं. आमच्याकडे सर्व्हर एकच. एक मुलगी हात लावायची, बाकीच्या माना उंच करून बघायच्या. समिती पुन्हा येणार होती, आणि तोपर्यंत सुधारणा झाली नाही तर अभ्यासक्रम बंद.

प्राचार्य स्वभावानं चांगले, पण थकलेले. त्यांनी कुबल सरांना माझ्यासमोरच सांगितलं, “तुम्ही कशाला एवढी धडपड करता? कोर्स बंद झाला तर तुमचं ज्युनिअर कॉलेजचं काम आहेच. आणि चालू राहिला, तर मान्यता कायम होईल. मग पदव्युत्तर शिकलेला पूर्णवेळ माणूस नेमावा लागेल. तुमचा तर डिप्लोमा. आणि नवा माणूस आला की ज्युनिअरचे तासही त्याच्याकडेच जाणार, दोन पगार संस्था देणार नाही.”

कुबल सर ऑफिसात शिरले की प्रमाण मराठीत बोलायचे, धुतलेला शर्ट घातल्यासारखे. म्हणाले, “सर, बंद झाला तर ह्या मुली जातील कुठे?”

“कणकवलीला आहे की. कोल्हापूरला आहे.”

“मुलगे जातील सर. मुली नाही जाणार.”

बाहेर आल्यावर कँटीनमध्ये चहा घेताना त्यांचा हा प्रमाण मराठीचा शर्ट उतरला. “बघा मॅडम, कोर्स ऱ्हवलो तर मी जातलंय, आणि कोर्स गेलो तर मी ऱ्हवतलंय. देवान गंमत कशी केल्यान बघा.”

“मग तुम्हाला काय हवंय?” मी विचारलं.

“माका दोनय व्हया होता,” ते म्हणाले. “पण तसा गावणा नाय.” आणि माझ्या बशीतलं बिस्कीट उचलून खाल्लं. घरी बायको, शाळेत जाणारा मुलगा, म्हातारी आई. माणसानं थोडा तरी विचार करावा की नाही! मी तसं म्हटलंही. त्यांनी दुसरं बिस्कीट घेतलं.

त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं की असं एक सॉफ्टवेअर मिळतं, जे मोठ्या मशीनवर टाकलं की ते त्या मशीनचे आतल्या आत भाग पाडतं. प्रत्येक भाग वागतो अगदी स्वतंत्र मशीनसारखा. एकीनं आपला मोडला तरी दुसरीच्याला धक्का नाही. म्हणजे लोखंडाचा सर्व्हर एकच, पण जितक्या मुली तितके सर्व्हर. कॉलेजच्या इंटरनेटवर ते उतरवून घ्यायचं म्हणजे पुढची समिती निवृत्त झाली असती. म्हणून कुबल सर एसटीनं कणकवलीला गेले, ओळखीच्या सायबर कॅफेत दिवसभर ठाण मांडून बसले आणि सीडी घेऊन आले. आणि आमच्या सर्व्हरचा सीडी ड्राइव्ह खाऱ्या हवेनं आधीच निकामी झालेला.

फळीवरून डोकं वर आलं. “मॅडम, पेन ड्राइव आसा? मोठो व्हयो.”

“आहे. पण त्यात माझ्या भाच्याच्या बारशाचे फोटो आहेत.”

“मगे ते पयले काडूक व्हये. ह्या सॉफ्टवेअर बसवूचा म्हणजे पेन ड्राइवाक नवो जन्म. आदीचा कायच ऱ्हवणा नाय.”

त्यांनी फोटो दुसऱ्या मशीनवर उतरवले, सगळे उतरले की नाही हे मला एकेक दाखवून खात्री करून घेतली, आणि बाळाचं नाक माझ्यासारखं आहे असं मत दिलं. मग तो पेन ड्राइव्ह असा तयार केला की मशीन सुरू होताना त्याच्यावरूनच सुरू व्हावं. 

बसवायच्या दिवशी प्राचार्य हातात नारळ घेऊन आले. सर्व्हरच्या पायाशी फोडायचा त्यांचा विचार होता. कुबल सर दारात आडवे आले. “सर, बाहेर. पाणी उडालं तर आत्ताच कोर्स बंद.” नारळ व्हरांड्यात फुटला. दुपारचं भारनियमन संपून वीज आली आणि सगळा वर्ग सर्व्हरभोवती जमला. मी माझ्या जागेवर बसून होते. मला उठून बघायची गरजच नव्हती.

“मशीन उठता तेव्हा पयला खंय बघता?” फळीपलीकडून आवाज.

“आपल्या डिस्कात, सर.”

“मगे तेका सांगूचा, आज थंय बघू नको, पयला हंय बघ. सांग गो सुहानी.”

सुहानी तांडेल म्हणजे तीच, जिनं ओढणीखाली हात घेतले होते. वर्गात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत घाबरट. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलेलं: मालवणात शिकवतो, मालवणाबाहेर नाही. कोर्स बंद झाला असता तर तिचं शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं, हे तिला, सरांना, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

थोड्या वेळानं तिचा बारीक आवाज आला. “सर, दोन डिस्की दाखयता. खंयच्या डिस्कीवर टाकूचा?”

“माका कित्याक इचारतंस? साइज बघ.”

“ही ल्हान. म्हणजे हो आपलो पेन ड्राइव. मगे ती दुसरी.”

“पक्का?”

“पक्का. पण सर, चुकलंय तर?”

“तर पेन ड्राइवच पुसलो जातलो, आणि आजचो सगळो दिस फुकट.”

“मगे तुमीच दाबा!”

“मी नाय. मी च्या पिवक जातंय,” असं म्हणून कुबल सर खोलीतून बाहेर पडले आणि चहाला न जाता सरळ माझ्याकडे आले. वाचनालयात शिरून फळीला कान लावून उभे राहिले. मी काही बोलणार तर बोट ओठांवर! हा माणूस मला शांत राहायला सांगतो! पलीकडे मुलींची कुजबुज, मग काहीच नाही. कुबल सरांनी वळून मला दबक्या आवाजात विचारलं, “दाबल्यान?” जणू मला फळीतून दिसतंय. तेवढ्यात पलीकडून एकदम गलका उठला. सरांनी खिशातला कंगवा काढून केस नीट केले आणि अगदी संथपणे, चहा पिऊन आल्यासारखे, परत वर्गात गेले.

पुढच्या दिवसांत त्यांनी वाटे घातले. हा त्यांचाच शब्द. त्यांच्या वाडीत रापण ओढतात, म्हणजे लांबलचक जाळं होडीतून समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. मासळी वाळूत आली की वाटे पडतात. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. आणि वाटेनं जाताना कुणी नुसता दोराला हात लावला, तरी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. कुबल सर ह्या रिवाजात जन्मलेले. शेवटच्या वर्षाच्या मुलींना एकेक सर्व्हर मिळाला. मग दुसऱ्या वर्षाची मुलं दाराशी येऊन उभी राहिली, त्यांनाही. मग पहिल्या वर्षाची. गावडेची मुलगी कला शाखेला होती, पण फळीआडून कुबल सरांचे तास ऐकून ऐकून तिला गोडी लागलेली, तिलाही. “आणि वाचनालयाक एक,” म्हणून त्यांनी माझ्याही नावानं एक काढला. मी म्हटलं, मला काय करायचाय? तर म्हणाले, “असांदे. तुमचो पेन ड्राइव होतो मा!”

सुहानीनं एकदा विचारलंही, “सर, इतकी मेमरी खंय आसा आपल्याकडे?”

“पुरतला गो. सगळी एकदम खंय बसतत?”

आणि पुरलंही. ते सॉफ्टवेअर उदार होतं. मागाल तेवढं कबूल करायचं. वर्ग पाळीपाळीनं यायचे, आपापले सर्व्हर चालू करायचे आणि बंद करून जायचे, त्यामुळे सगळे एकाच वेळी कधी चाललेच नव्हते. मुली सर्व्हर उभारायच्या, मोडायच्या, परत उभारायच्या. सुहानीचा आवाज आता फळीच्या अलीकडे स्पष्ट ऐकू यायला लागला होता. एक दिवस तर मी तिच्यासाठी फळी वाजवली.

समिती आली. अध्यक्ष म्हणून एक वयस्क प्राध्यापक बाई, बोलण्यात मोजून मापून, आणि बरोबर दोघेजण. कुबल सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि डोक्याला नेहमीपेक्षा जास्त तेल. आणि दाखवायचं तर सगळं दाखवू, ह्या उत्साहात त्यांनी सकाळीच सगळ्यांचे सर्व्हर चालू करून ठेवले होते. एकूणएक. माझाही. मी त्या दिवशी फळीच्या पलीकडे जाऊन दाराशी उभी होते, गावडेची मुलगी माझ्या शेजारी.

बाई सुहानीपाशी थांबल्या. “हा तुझा सर्व्हर? करून दाखव काहीतरी.”

सुहानीनं टाइप केलं. पडद्यावर अक्षर उमटलं नाही. तिनं परत टाइप केलं. काही नाही. शेजारच्या मुलीचाही पडदा गोठलेला. त्याच्या पलीकडचाही. सर्व्हरच्या पंख्याचा आवाज वाढत चालला होता आणि कुबल सरांचा आवाज पहिल्यांदाच कुठे ऐकू येत नव्हता. सुहानीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

ते आपल्या खुर्चीत बसले. त्यांच्या मशीनवर सगळ्या सर्व्हरची नावं एकाखाली एक दिसत होती. कुठलंही तिथून बंद करता येत होतं. काय झालंय ते त्यांना कळलं होतं. काही बंद केले की बाकीचे चालणार. त्यांनी माउसवर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला.

“का थांबलात?” बाईंनी विचारलं.

“कोणाचा बंद करू, मॅडम?” कुबल सर म्हणाले. खरंच विचारत होते.

बाईंबरोबरच्या एकानं घड्याळ बघितलं. मग मागच्या रांगेतून पहिल्या वर्षाचा एक मुलगा उठला. “सर, माजो बंद करा.”

सरांनी त्याचं नाव शोधून बंद केलं. “माजोय करा, सर.” “सर, माजो.” “माजो पण.” गावडेची मुलगी दारातून म्हणाली, “सर, माजो सर्व्हर पयलो बंद करूक व्हयो होतो, मी खंय तुमच्या वर्गातली!” मी म्हटलं, “वाचनालयाचाही करा.” एकेक नाव काळं पडत गेलं, पंख्याचा आवाज उतरला, आणि सुहानीच्या पडद्यावर मघाशी टाइप केलेली सगळी अक्षरं भराभर उमटली. तिनं डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढून पुढे टाइप करायला लागली.

बाईंनी तिचं काम पूर्ण होईपर्यंत पाहिलं. मग कुबल सरांना म्हणाल्या, “एवढे सगळे कशाला केलेत?”

“आमच्याकडे दोराला हात लावणाऱ्याला परत पाठवत नाहीत, मॅडम.”

“ही चूक मला लिहावी लागेल.”

“लिहा मॅडम. चूकच आहे.”

मला वाटलं, संपलं. पण बाईंनी पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “आता ज्यांनी बंद केले त्यांना एकेक करून बोलवा. मला प्रत्येकाचा बघायचाय.” प्राचार्यांनी समितीसाठी सुरमईचं जेवण सांगून ठेवलं होतं. ते निवत राहिलं. पहिल्या वर्षाचा तो मुलगासुद्धा आला, आपला सर्व्हर चालू केला, काय काय केलंय ते अडखळत सांगितलं आणि बंद करून गेला. उठताना बाई सोबत्यांना म्हणाल्या, “विद्यार्थी करतात, असं लिहा.”

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली तसा कुबल सरांचा आवाज परत आला. कपाळावर हात मारून ते व्हरांड्यात ओरडले, “होडयेचो वांटो इसारलंय! सगळ्यांका वांटे दिलंय आणि होडयेकच ठेवक नाय! बापूस आसतो तर कान उपटलो आसतो तेनी!” सगळ्यांना दिलं, पण ज्या मशीनच्या जिवावर दिलं त्या मशीनसाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मग ते हसायला लागले. दुसऱ्या दिवशीपर्यंत ही गोष्ट मासळी बाजारात पोचली होती, अर्थात त्यांच्याच तोंडून.

महिन्याभरानं निकाल आला. मान्यता कायम. अट एकच, प्राचार्यांनी आधी सांगितलेलीच: पदव्युत्तर शिकलेला पूर्णवेळ माणूस नेमा. कुबल सरांनी सगळ्या स्टाफला गुळात घोळलेला मालवणी खाजा वाटला. मला पुडी देताना म्हणाले, “मॅडम, ऱ्हवलो कोर्स.” मी म्हटलं, “आणि तुम्ही?” ते म्हणाले, “मी खंय जातंय? मालवणातच आसंय.” मला रागच आला त्यांचा. रडू यायला लागलं की मला आधी राग येतो. मी खाजा टेबलावर ठेवला आणि कार्डं लावायला घेतली. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

वर्ष संपेपर्यंत त्यांनी शिकवलं. सुहानी आणि तिच्या बरोबरीच्या सगळ्या पास झाल्या. मग कुबल सरांनी बाजाराच्या रस्त्याला एक गाळा घेतला. मोबाइल दुरुस्त करायचे, होड्यांवरची यंत्रं दुरुस्त करायचे. धंदा बेताचा चालायचा, कारण अर्ध्या लोकांना ते फुकट करून द्यायचे. वाचनालयात आता टाचणी पडली तरी ऐकू यायची. इतकी वर्षं मी जी शांतता मागत होते ती मिळाली, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

पुढे काही वर्षांनी माझी निवृत्ती जवळ आली. कराडला परतायची तयारी चालू होती. त्या जूनमध्ये प्रवेश सुरू होते. संगणक विभागाच्या दारात पालकांची रांग लागलेली. सरांच्या जागी आलेली नवी शिक्षिका कोल्हापूरची, तरुण, हसतमुख, कामाला चोख. प्रत्येक मुलीशी आणि तिच्या घरच्यांशी स्वतः बोलत होती. मी सहज बाहेर डोकावले, तर रांगेत कुबल सर. बरोबर शिरोड्याहून आलेली त्यांची भाची, मामाचा हात घट्ट धरून. गावडे धावत गेला, “सर, तुमी लायनीत कित्याक? आत येवा!” सरांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं आणि जागचे हलले नाहीत.

त्यांची पाळी आली. शिक्षिकेनं भाचीचे मार्क बघितले, चांगले आहेत म्हणाली. मग सरांकडे वळून विचारलं, “काका, तुम्हाला काही विचारायचंय?”

मी पुढे झाले. सांगणार होते तिला, हे कोण आहेत ते. कुबल सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. मी थांबले.

“एकच विचारायचं होतं,” ते प्रमाण मराठीत, हळू आवाजात म्हणाले. “हिला हात लावायला मिळेल का मशीनला? की नुसतं बघायचं?”

“नुसतं बघायचं कशाला, काका?” ती हसून म्हणाली. “आमच्याकडे प्रत्येक मुलीला स्वतःचा सर्व्हर असतो.”

“मगे बरा,” कुबल सर म्हणाले. भाचीचा हात सोडवून तिला आत पाठवलं, आणि मागच्या माणसाला पुढे यायला जागा करून देत बाजूला झाले.